विनिताची भिंत

दहाव्याच्या आदल्या दिवशी शेजारी भांडण लागलं, आणि तेही फोटोवरून.

तेव्हा शहाडला आमची चाळ होती. दोन खोल्यांच्या मधे लाकडी फळ्यांची भिंत, तीसुद्धा छतापर्यंत न पोचलेली. पलीकडे कुणी कूस बदलली तरी इकडे कळायचं. शेजारच्या भगवानची आई गेली होती. तो आणि त्याचा थोरला भाऊ उत्तम, दोघं हार घालायला तिचा फोटो शोधत होते. मी भाकऱ्या थापत होते. हात पिठात आणि कान पलीकडे.

"लग्नातला घे. त्यात आई हसतेय," भगवान म्हणाला.

"त्यात तिच्या कडेवर माझा पोरगा आहे. जिवंत पोराला हार घालू?"

"मग काप त्याला."

"माझ्या पोराला काप म्हणतोस?"

"फोटोतून रे! फोटोतून!"

"फोटोतून कापला तर आईचा हात जातो. खांदा जातो. अर्धी आई लावायची भिंतीवर?"

असं बराच वेळ चाललं. आवाज चढले, पेटीचं झाकण आपटलं. मग भगवानची नवी बायको विनिता, लग्नाला वर्षसुद्धा झालेलं नव्हतं, ती चुलीपाशी बसल्या जागेवरून म्हणाली, "आईंचा एकटीचा एकपण फोटो नाही का हो?"

पलीकडे पेटीतली उचकापाचक थांबली. मग उत्तम म्हणाला, "तू गप गं. तुला काय कळतं."

शेवटी तोच लग्नातला फोटो कापला. अजून त्यांच्या भिंतीवर आहे. म्हातारी हसतेय आणि खाली कोपऱ्यात पोराचं पाऊल आहे, वाळा घातलेलं. वर्षानुवर्षं विनिता त्या पावलालाही उदबत्ती ओवाळत आली.

त्याला खूप काळ लोटला. चाळ पाडली, बिल्डिंग झाली, लिफ्ट आली आणि बंद पडायला लागली. विनितानं खालच्या गाळ्यात फॉल-पिकोचं दुकान टाकलं. उंच, किडकिडीत बाई. गळ्यात टेप आणि गाऊनच्या खांद्याला ओळीनं सुया टोचलेल्या, त्यामुळे तिला जवळ घ्यायची सोय नाही. बोलते कमी. हसते तेही आतल्या आत, खांदे तेवढे हलतात. दुपारी घरात मला कुणी विचारत नाही, म्हणून मी तिच्याकडे जाऊन ब्लाउजांना हूक लावत बसते. मी तिसरीपर्यंत शिकले, पण हूक लावण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

विनिताची एक खोड होती. दर पाडव्याला ती मनात काहीतरी ठरवायची आणि पुरं होईपर्यंत कुणाला सांगायची नाही. एका वर्षी अचानक स्कूटी चालवत दारात आली. एका वर्षी पेढे आणले. मी म्हटलं, काय गं, कसले? तर दहावीचं इंग्रजी राहिलेलं होतं, ते काढलं. पोरगा इंजिनीअर झाला आणि आईनं दहावी काढली! भगवान म्हणाला, "आता काय कलेक्टर होतेस का?" तो रिक्षा चालवतो, मनानं वाईट नाही. त्याला बोलायला काहीतरी लागतं, एवढंच.

फोटोचं मात्र तिनं आधीच सांगितलं. आमच्याशिवाय ते होणार नव्हतं ना.

"काकी, बिल्डिंगमधल्या सगळ्या म्हाताऱ्या बायकांचे फोटो काढायचेत. एकेकीचा एकटीचा. आणि प्रत्येकीच्या घरात तिच्या देखत लावायचा."

"आमच्या देखत? म्हणजे आम्ही मरायच्या आधी?"

"मेल्यावर तुम्हाला दिसणार आहे का?"

मला पटलं. आमच्या मजल्यावरच्या एका बाईचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावलाय. बिचारी भिंतीवरून अशी बघते, जशी आत्ता कुणीतरी अंगठा लावायला सांगितलाय.

विनिताच्या हातात फोन तेवढा होता. बाकीचं तिला शिकवलं संदेशनं. संदेश म्हणजे माझा मुलगा. तो माजिवड्याला ऑफिसात जातो, आणि रविवारी गळ्यात तो मोठा कॅमेरा अडकवून पक्ष्यांचे फोटो काढायला खाडीवर जातो. घरी येतो तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत चिखलाची. त्याची बायको दर्शना म्हणते, पक्षी राहू देत, तुमची पँट धुवायचा फोटो काढा एकदा. पण त्याला नाद आहे. कल्याण-ठाण्याच्या हौशी लोकांचा एक फेसबुक ग्रुप आहे, 'आपला कॅमेरा' नावाचा, त्यात तो जुना मेंबर. हा ग्रुप वर्षातून एकदा ठाण्याला हॉल घेऊन प्रदर्शन भरवतो. सगळ्यांचे एकेक-दोन-दोन फोटो, पण त्यातली एक अख्खी भिंत एकाच माणसाला देतात. "एकदा तरी भिंत मिळाली पाहिजे आई," हे मी संदेशच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की देवापुढे बसल्यावर मीसुद्धा मागून टाकायची, माझ्या पोराला भिंत दे.

त्यानंच विनिताला ग्रुपात घेतलं. लहानपणापासून तिच्या हातचं खाल्लेलं पोरगं, वहिनी-वहिनी करत तिच्या गाळ्यात स्टुलावर बसायचा आणि शिकवायचा. "वहिनी, खिडकीकडे पाठ नको, तोंड करा आजीचं. वहिनी, कडेला फालतू वस्तू दिसतेय, ती क्रॉप करा." विनितानं ते पक्कं धरलं. फोटो काढला की नको ते कापायचं, मग त्या बाईला दाखवायचा आणि विचारायचं, "चालेल?" ती नाही म्हणाली तर तिच्या समोर पुसून टाकायचा. हो म्हणाली तरच ग्रुपात टाकायचा.

फोटो काढताना काय काय गमती व्हायच्या! दुसऱ्या मजल्यावरची शकू, माझ्याच वयाची. विनिता तिला म्हणाली, "कुठे बसणार?"

"नातवाला घेते मांडीवर."

"नातू नको. एकट्या."

"मग देव्हाऱ्यापुढे बसते, हात जोडून."

"देव पण नको. एकट्या बसा, शकूकाकी."

"एकटी बसून काय करू?"

"काही करू नका."

शकूला ते जमेना. इतक्या वर्षांत काही न करता ती कधी बसलीच नव्हती. कंटाळून तिनं कनवटीची डबी काढली आणि मिश्री लावायला घेतली. बोट तोंडात, डोळे मिटलेले, तोंडावर असं सुख की बघत राहावं. तेवढ्यात विनितानं फोटो काढला. शकूला दाखवला तर ती लाजून पदरात तोंड घालून बसली. मग पदराआडून म्हणाली, "चालेल."

ग्रुपात लोकांना ते फोटो फार आवडले. लोक लिहायचे, ताई, अप्रतिम. ताई, माझी आजी आठवली. काही वेगळेही असायचे. एकानं विनिताला आतल्या मेसेजमधे लिहिलं, हाय डिअर, जेवलीस का? माझ्या नवऱ्यानं अख्ख्या संसारात मला कधी विचारलं नाही जेवलीस का, आणि हा कोण टिकोजीराव! आम्ही दोघी हसलो. विनितानं संदेशला विचारलं, ह्यांचं काय करायचं? त्यानं शिकवलं, इथे दाबा, ब्लॉक. झाला तो माणूस नाहीसा. मला फार आवडलं ते बटण. आमच्या वेळी असतं तर किती माणसं कमी झाली असती.

आणि मग प्रदर्शनाची भिंत विनिताला मिळाली.

संदेशनंच ते जेवताना सांगितलं. "वहिनींना दिली भिंत." दर्शना म्हणाली, "अय्या, मस्तच!" तो म्हणाला, "हो ना, मस्त." मग आमटी वाढून घेतली आणि म्हणाला, "बाईचं नाव असलं ना, की चहाच्या कपाचा फोटो टाकला तरी लाईक पडतात. आपण चिखलात उभं राहून मरा." मी म्हटलं, "तुलाही मिळेल रे." तो आमटी भुरकत राहिला.

विनिताला भिंतीपेक्षा वेगळाच आनंद झाला होता. भगवानची रिक्षा आणि वर आणखी दोन रिक्षा करून सगळ्या म्हाताऱ्यांना ठाण्याला न्यायचं, आपापल्या फोटोसमोर उभं करायचं, हे तिचं ठरलं. बिल्डिंगमधे दुसरा विषय नाही. शकूनं पोपटी साडी घेतली. म्हणाली, "त्या हॉलमधे एसी असतो म्हणे. मग स्वेटर घातला तर साडी दिसायची कशी?" आम्ही त्यावर दोन दुपारी चर्चा केली.

त्याच सुमाराला ग्रुपात तो 'परखड माणूस' आला.

हे त्याचं नाव. तोंडाच्या जागी सिंहाचं चित्र लावलेलं, म्हणजे आत कोण उंदीर आहे ते कळायला नको. विनितानं फोटो टाकला की खाली ह्याचं काहीतरी असायचंच. आधी लिहिलं, फॉल-पिको करणाऱ्यांनी फॉल-पिको करावं. मग लिहिलं, नवऱ्याला डब्यात भाजी मिळते की फोटो? विनिता मला वाचून दाखवायची आणि मशीन चालवायची. ब्लॉक केलं तर दुसऱ्या नावानं यायचा, तोच सिंह, नावापुढे आकडा. त्याचं बघून बाकीच्यांनाही चेव आला. ताई म्हणणारे गप झाले आणि दात काढणारे पुढे आले. लाईकसाठी बायका काय काय करतील. घरात म्हाताऱ्या सांभाळायच्या सोडून बाहेर त्यांचा बाजार मांडलाय. एकानं तर विनिताच्या अंगावरून असं लिहिलं की ते तिनं मला वाचून दाखवलं नाही. नुसता फोन उलटा ठेवला.

शकूच्या फोटोखाली परखड माणसानं लिहिलं, ही आजी आहे की चेटकीण? खाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

ते शकूच्या सुनेनं वाचलं. संध्याकाळी शकूचा मुलगा गाळ्यात आला. मी हूक लावत होते.

"वहिनी, आईचा फोटो काढा तिकडून. आत्ता. माझ्यासमोर."

"त्यांनी हो म्हटलं होतं, भाऊ."

"तिला काय कळतं? लोक तिला चेटकीण म्हणतायत. माझ्या ऑफिसातली पोरं आहेत त्या ग्रुपात. आणि ते ठाण्याचं पण कॅन्सल. आई येणार नाही."

"शकूकाकींना विचारलंत?"

"मी सांगतोय ना!"

विनितानं ग्रुपातून फोटो काढून टाकला. त्याच्यासमोर. तो गेल्यावर ती बराच वेळ एकाच शिवणीवर मशीन मारत राहिली. तो फॉल नंतर उसवायला लागला.

मग एकेक करून सगळ्या गेल्या. कुणाच्या सुनेनं निरोप पाठवला, कुणाचा जावई बोलला. एक तर स्वतःच आली, "बाई, आमचं वय झालं, आता कुठे नाचायचं." शकू लिफ्टपाशी भेटली तर नजर चुकवून पुढे गेली. भगवान घरात विनिताला म्हणाला, "कशाला हव्यात ह्या भानगडी? स्टँडवर मला विचारतात, डब्यात काय आणलंस, भाजी का फोटो." तो विनितावर चिडला. सिंहावर चिडायची सोय नव्हती, त्याचा पत्ता नाही, आणि विनिता तर घरातच होती.

माझा फोटो सगळ्यात शेवटी काढायचा ठरला होता. मी म्हटलं, "मी नाही मागे फिरणार. माझा संदेश काही त्यांच्यासारखा नाही. तोच तर तुझा गुरू. काढ माझा."

मी खिडकीत बसले. त्या दिवशी हिरड्या दुखत होत्या, म्हणून कवळी काढून वाटीत ठेवली होती, बाजूला खिडकीच्या कट्ट्यावर. विनिता म्हणाली, "दात लावा काकी." मी म्हटलं, "ते दात माझे नाहीत, डॉक्टरचे. माझा फोटो आहे ना?" ती अशी हसली, आवाज काढून, की मलाही हसू फुटलं. तोंडाचं सगळं बोळकं उघडं. तेवढ्यात तिनं फोटो काढला.

मग बघितलं तर मी हसतेय आणि बाजूला वाटीत माझे दात वेगळे हसतायत. आम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. विनितानं ग्रुपात टाकायला वाटी कापून टाकली, नुसती मी आणि खिडकी. पण मी म्हटलं, तो अख्खा पण पाठव, रात्री झोप नाही आली की बघेन. माझा फोन बटणांचा, त्यावर फोटो येत नाहीत. म्हणून तिनं तो संदेशच्या फोनवर पाठवला. संदेशनं मला दाखवला. तोही हसला. "आई, भारी आलाय गं," म्हणाला. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाळ्यात गेले तर मशीन बंद होतं. विनितानं माझ्यापुढे स्टूल सरकवलं. फोन हातात होता.

"काकी, त्या वाटीचं तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"कुठल्या वाटीचं?"

"कवळीच्या."

"कुणाला सांगू? सांगण्यासारखं आहे का ते?"

तिनं फोन माझ्यापुढे धरला. मला वाचायला वेळ लागतो, पण मराठी अक्षरं येतात. माझ्या फोटोखाली परखड माणसानं लिहिलं होतं, 'म्हातारीची कवळी वाटीत होती ती का कापली? तीच लावा ना भिंतीवर, प्रदर्शनात तेवढंच बघण्यासारखं आहे.'

मी परत पहिल्यापासून वाचलं. ग्रुपातल्या फोटोत वाटी नव्हती. वाटी होती ती अख्ख्या फोटोत. तो एक विनिताच्या फोनमधे आणि एक संदेशच्या.

मी खोक्यातून ब्लाउज घेतला आणि हूक लावायला लागले, आणि सुई बोटात गेली. हूक लावताना सुई लागायचं माझं वय कधीच गेलंय.

रविवारी सकाळी दर्शना भाजीला गेली होती. संदेश सोफ्यावर बसून कॅमेऱ्याची काच मऊ फडक्यानं पुसत होता. मी समोर बसले.

"संदेश, परखड माणूस कोण रे?"

फडकं थांबलं. "कोण?"

"तोच. सिंहाचं तोंड लावलेला."

"मला काय माहीत? नेटवर लाखो लोक असतात, आई."

"त्या लाखांत माझी कवळी वाटीत होती हे कितीजणांना ठाऊक?"

तो काच पुसायला लागला, मग परत थांबला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी खोटं बोलताना व्हायच्या तशाच.

"अगं, मस्करी असते ती. तिकडे सगळेच असं लिहितात. कुणी मनावर नाही घेत."

"शकूनं घेतलं."

"मी काय शकूमावशीला म्हणून नव्हतं लिहिलं! आई, तुला नाही कळणार. किती वर्षं पहाटे उठून खाडीवर गेलेलो आहे मी. ह्या कॅमेऱ्याचे हप्ते भरले. एक फोटो मिळावा म्हणून अर्धा-अर्धा दिवस चिखलात उभा राहिलेलो. आणि ती? मोबाईलवर म्हाताऱ्या काढल्या आणि भिंत घेऊन गेली. का? बाई आहे म्हणून. मीच शिकवलं तिला सगळं."

"मग हे तिला तोंडावर सांगायचं."

"तोंडावर कसं सांगणार?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं. "वहिनी आहेत त्या."

तोंडावर वहिनी, आणि सिंहाआडून ते सगळं. आणि दोन्ही त्याला एकाच वेळी जमत होतं, ऑफिसचा शर्ट आणि खाडीवरची पँट वेगळी ठेवावी तसं.

"आणि मी कोण, संदेश?"

"तुझं काय? तुला कुठे काय बोललो? ते त्यांना लागावं म्हणून लिहिलं."

"माझं तोंड घेऊन तिला मारलंस."

त्यानं फोन उचलला, अंगठा दोन-चार वेळा फिरवला आणि मला दाखवला. "हे बघ. उडवलं अकाऊंट. सगळ्या कमेंटी गेल्या. आता काहीच नाही. झालं?" पाटी पुसून मास्तरांना दाखवतात तसं त्यानं दाखवलं. मग हळूच म्हणाला, "दर्शनाला सांगू नकोस हं."

माझ्या पोराला मी ओळखते असं मला वाटायचं. त्याला कुठली भाजी आवडते, झोपेत कुठल्या कुशीवर वळतो, सगळं ठाऊक. त्याला माझी भीती नव्हती, विनिताची नव्हती, बायको काय म्हणेल एवढीच होती. मी म्हटलं, "सांगायचं ते तू सांग. तिलाही आणि विनितालाही." तो म्हणाला, "बघू." तेवढ्यात दर्शना भाजी घेऊन आली आणि म्हणाली, "काय बघू?" तो म्हणाला, "काही नाही, गवार आणलीस का?"

दुपारी मी खाली गेले. जिना उतरताना ठरवलं होतं असं सांगेन, तसं सांगेन. स्टुलावर बसले आणि नुसतं म्हटलं, "विनिता, संदेश आहे तो."

"ठाऊक आहे, काकी."

"कधीपासून?"

"तुम्ही ती वाटीची कमेंट वाचत होतात ना, त्याच्या आधीपासून."

"मग मला का विचारलंस?"

तिनं दाभणानं मशीनमधली दोऱ्याची गुंतवळ काढली. "वाटलं, तुम्ही कुणाला तरी सांगितलं असेल. शेजारी, दवाखान्यात. तुम्ही हो म्हणाला असतात तर बरं झालं असतं."

मला रडू आलं. तिला आलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "परक्यानं लिहिलं तर ब्लॉक करते. भाऊजींना कसं करू? ब्लॉक कसं करायचं ते त्यांनीच शिकवलं." आणि खांदे हलले तिचे. हसली की काय ते मला समजलं नाही.

मी म्हटलं, "भिंत सोडू नकोस. माझा एकटीचा लाव. अख्ख्या भिंतीवर एकच, हा एवढा मोठा. बोळक्यासकट."

"नको, काकी. एकटीचा लावला तर लोक तुम्हालाच बोलतील. आणि त्या सगळ्या यायच्या होत्या म्हणून भिंत होती. शकूकाकी पोपटी साडी नेसून स्वतःसमोर उभ्या राहणार होत्या. आता मी तिकडे जाऊन काय करू?"

"मग आता?"

"ग्रुपवाल्यांना फोन केला सकाळी. नाही जमणार म्हटलं."

"कारण काय सांगितलंस?"

"सीझन आहे म्हटलं. लग्नाचे ब्लाउज आहेत."

मी तिला खूप बोलले. म्हटलं, ग्रुपात सगळ्यांना सांग, नाव घेऊन सांग, मी सांगते हवं तर, माझाच मुलगा आहे. ती म्हणाली, "सांगून काय होईल? लोक म्हणतील, बाईनं भिंत राखायला सज्जन माणसाला अडकवलं. त्यांचे फोटो बघा काकी. पक्षी, सूर्य, नदी. अशा माणसाला कोण वाईट म्हणेल?"

ग्रुपवाल्यांची भिंत रिकामी राहिली. वेळ थोडा, जुना माणूस हवा, ज्याच्याकडे फोटो तयार असतील. त्यांनी संदेशला विचारलं.

त्यानं हे जेवताना सांगितलं, ताटात बघत. "समोरून फोन आला. नाही कसं म्हणणार?" दर्शनाला आनंद झाला. तिला काही ठाऊक नव्हतं. तिनं मला लाडू करायला सांगितले, सगळ्यांना वाटायला. मी म्हटलं, गुडघे दुखतायत. इतकी वर्षं देवाकडे मी हेच मागत होते, आणि देवानं दिलं, पण कुणाच्या हातातून काढून दिलं ते बघवत नव्हतं. मी भात कालवला आणि तसाच ठेवला. संदेशनं ते बघितलं. मग म्हणाला, "पाणी दे गं दर्शना."

प्रदर्शन उघडायच्या दिवशी घरात गडबड होती. दर्शना गजरा माळत होती. संदेशनं नवा शर्ट घातला होता. टेबलावर फ्रेमा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या होत्या, टेम्पो खाली यायचा होता. तेवढ्यात बेल वाजली. त्यानंच दार उघडलं.

दारात विनिता. खांद्यावर कापडी पिशवी.

ह्या आधी प्रत्येक घरी ती अशीच गेली होती. फोटो फ्रेम करून आणायची, त्या बाईला विचारून स्वतः खिळा ठोकायची, भिंतीवर लावून द्यायची, बिनसाखरेचा चहा घ्यायची आणि निघायची. ग्रुपातून फोटो काढायला लावले त्यांच्याही घरी गेली. कुणी लावून घेतला, कुणी म्हणालं, ठेवून जा, बघू. शकूच्या सुनेनं दारातूनच घेतला. आता माझा राहिला होता.

"या ना वहिनी," संदेश म्हणाला. आवाज त्याचा मोठा निघाला.

"अय्या, वहिनी! बरं झालं आलात," दर्शना आतून म्हणाली. "चला ना आमच्याबरोबर ठाण्याला."

"दुकान उघडं आहे गं," विनिता म्हणाली. चपला दाराबाहेर जोडीनं काढून आत आली. पिशवीतून फ्रेम काढली, तोंडाची वाफ दिली आणि काच ओढणीच्या टोकानं पुसली. "कुठे लावू, काकी?"

मी हॉलमधली जागा दाखवली, सोफ्याच्या समोरची. तिनं पिशवीतून हातोडी काढली आणि खिळा तोंडात धरला. स्टूल ओढलं. संदेश पुढे झाला.

"द्या वहिनी, मी ठोकतो."

तिनं तोंडातला खिळा काढला. "राहू दे भाऊजी. तुमचा टेम्पो येईल."

आणि स्वतः चढली. भिंतीवर दोन बोटांनी जागा चाचपली, मग ठोकलं. जरासा चुना खाली पडला. फ्रेम अडकवली, स्टुलावरून उतरली, मागे जाऊन डोळे बारीक करून बघितलं. परत चढून डावा कोपरा जरा वर केला. तोवर संदेश दाराजवळ एक फ्रेम हातात धरून उभा होता. ती ना टेबलावर ठेवत होता, ना बाहेर नेत होता.

विनिता माझ्याकडे वळली. "चालेल?"

"चालेल," मी म्हटलं.

मी चहा टाकला, बिनसाखरेचा. तिनं उभ्यानंच घेतला, कप विसळून पालथा ठेवला. खाली पडलेला चुना हातानंच गोळा करून केराच्या डब्यात टाकला. हातोडी पिशवीत घातली. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला, तशी ती दाराशी बाजूला सरून उभी राहिली आणि संदेशच्या हातातल्या फ्रेमला वाट करून दिली. मग चपला घातल्या.

"काकी, दुपारी या. दोन ब्लाउज आलेत हुकांना," म्हणाली, आणि जिना उतरून गेली.